नाथाची थाप

काळुरामाच्या परसात, न्हाणीच्या मागं, एक झाड होतं आणि गावात त्या झाडाला नाव पडलेलं नाथाची थाप. झाड दिसायला केळीसारखं, पण केळीपेक्षा सडपातळ. बाया पाण्याला जाताना कुंपणाशी थांबायच्या आणि मुद्दाम हाक मारायच्या, "काळूदादूस, पावणे आलेत घरी, थापेची दोन पानं दे की रे!"

"पानं नाय, धोंडा देतो. घ्या पदरात."

बाया हसत पुढं जायच्या. काळुराम मात्र दिवसभर कुढत राहायचा. मिठागरावर फावडं ओढताना कुढायचा, जेवताना कुढायचा. बायको हौसाबाई बोलायची, "अवो, हसतात तर हसू देत. नाथाभावजी स्वतः काय कमी हसवायचे?" पण तिथंच तर सगळं दुखणं होतं. नाथा हसवायचा. आणि आता नाथा नव्हता.

नाथा म्हणजे काळुरामाचा धाकटा भाऊ. डोंबिवलीला नवं ठेसन झालं त्या सुमाराला तो ठाण्यात एका सायबाच्या बंगल्यावर माळी होता. महिन्यातून एकदा घरी यायचा आणि आला की देवळापुढं लोक जमायचे. नाथा बोलायला लागला की माणसं हातातलं काम ठेवून ऐकायची, आणि त्यातलं एक अक्षर खरं मानायची नाहीत. डायव्हरनं त्याला कल्याणपासून टिटवाळ्यापर्यंत इंजिन हाकायला दिलेलं. सायबाच्या मडमेचा कुत्रा त्याच्याशी मराठीत भुंकायचा. आणि सगळ्यात मोठी थाप जिताड्याची. खाडीत नाथाच्या गळाला असा जिताडा लागला, असा लागला, की त्या माशानं होडीच ओढत कल्याणहून ठाण्याच्या धक्क्याला नेऊन लावली. "ठाण्याला उतरलो, दोर सोडला, जिताड्याला राम राम केला," असं नाथा हात जोडून सांगायचा आणि लोक पोट धरून लोळायचे.

एका चैत्रात नाथा घरी आला तो तापानं फणफणत. काखेत ओलं गोणपाट. गोणपाटात हळकुंडासारखा, पण जाडजूड गड्डा, त्याला दोन कोंब. सायब विलायतेला चाललेला, बाग मोडायला काढलेली, त्यातला एक तुकडा सायबानं नाथाला दिला होता. सातासमुद्रापलीकडचं झाड, बोटीतनं आलेलं.

नाथा ओटीवर आडवा झाला आणि बोलायला लागला. "दादूस, दिसंल केळीसारखं, पण हिला केळ समजू नको. हिच्या पोटातनं दांडी येते वर. दांडीला लाल होड्या. डावी, उजवी, डावी, उजवी, अशा एकावर एक. आणि होडीत पाणी. आणि त्या पाण्यात फूल."

काळुराम नुकताच मिठागरावरनं आलेला. पायाला मिठानं चिरा पडलेल्या, डोकं उन्हानं भणभणलेलं. तो खेकसला, "नाथा, होडी पाण्यात असते रे. पाणी होडीत आलं तर माणसं मरतात. पुरे झाल्या थापा. गप झोप."

नाथा हसला. "लाव नि बघ," बोलला.

तिसऱ्या दिवशी नाथा गेला. मधल्या दिवसांत तो शुद्धीवर नव्हता. म्हणजे भावाभावांतलं शेवटचं बोलणं ते. एकानं सांगितलं, दुसऱ्यानं थाप म्हणून उडवून लावलं.

आता काळुराम काही रडणाऱ्यातला नव्हता. पण ते शब्द त्याच्या घशात माशाच्या काट्यासारखे अडकून बसले. नाथा आयुष्यभर थापा मारत आला, ते ठीक. पण मरायला टेकलेला माणूस, तोही थाप मारेल? आणि त्यानं खरंच सांगितलं असेल तर? तर मग काळुरामानं भावाचा शेवटचा शब्द तोंडावर फेकून दिला असं झालं. ते फूल येऊ दे, एकदा येऊ दे, मग मी नाथाला सांगेन काय सांगायचं ते, असं त्यानं मनाशी धरलं. त्या फुलापलीकडं त्याला दुसरं काही नको होतं.

पहिल्यानं त्यानं गड्डा लावला दारात, भर उन्हात. का, तर फूल आलं की सगळ्या गावाला दिसावं. वैशाखात पानांच्या कडा जळून तपकिरी झाल्या, जसा काही कुणी विस्तव फिरवला. मग उचलून न्हाणीच्या मागं नेलं, फणसाच्या अर्ध्या सावलीत. तिथं आंघोळीचं पाणी जायचं, पण साचायचं नाही. शेण टाकलं, वरनं भाताचा तूस पसरला. तिथं झाडानं जीव धरला. पानं सरळ उभी, हिरवीगार, मधला दांडा तेल लावल्यागत चकचकीत. पावसाळा संपेपर्यंत बुडातनं पाच-सहा कोंब वर आले.

इथं शेजारचा उत्तम मधी आला. उत्तमची केळीची बाग होती आणि केळीच्या बाबतीत आपल्याएवढं इंग्रजालाही कळत नाही असं तो धरून चालायचा. माणूस वाईट नव्हता, नुसती जीभ वळवळायची. कुंपणावरनं बघून तो बोलला, "काळ्या, वेड लागलंय काय तुला? एवढी पिलं ठेवतात काय? मायेजवळ एक लेक ठेव, बाकीची काढ. नायतर मायेचं सगळं दूध हीच पितील."

"नाथा बोलला केळ नाय ही."

"नाथा बोलला कुत्रा मराठी बोलतो. पान बघ, खोड बघ. केळच हाय, जरा बारीक जातीची. बारा महिन्यांत केळफूल नाय आलं तर माझी मिशी काढ."

उत्तमचं बोलणं काळुरामाला पटलं, कारण त्याच्या बापानं आणि आज्यानं केळ तशीच वाढवलेली. त्यानं कोयती घेतली आणि एक सोडून बाकी पिलं खणून काढली.

बारा महिने झाले. पंधरा झाले. काळुराम कुंपणाशी जाऊन उभा राहिला. "उत्तम, मिशी."

"अरे थांब रे. शिमग्याला काढू."

शिमगा आला, गेला, उत्तमची मिशी होती तिथंच.

मग काळुरामानं हे झाड आहे तरी काय ते शोधायला सुरुवात केली. निदान नाव कळलं तर कुणाला विचारता तरी येईल. एक पान गुंडाळून तो कल्याणला त्र्यंबकशास्त्री वैद्यांकडं गेला. शास्त्रीबुवांनी पान नाकाशी नेलं, डोळ्यांशी नेलं आणि सांगितलं, "ही कर्दळ आहे. दुसरं काय असणार?"

"कर्दळ नाय शास्त्रीबुवा. कर्दळीचं पान मऊ, आणि तिला काळं बी धरतं, पोरं माळा करतात त्याच्या. हिला बी नाय, काय नाय."

"मग चवई असेल. रानकेळ. डोंगरात होते."

"चवईला पिलं फुटत नाय. एकच खोड, आणि गड्डा हंड्याएवढा. हिला तर काढून काढून हात दुखले."

शास्त्रीबुवांनी पान परत केलं. "तुला एवढं सगळं ठाऊक आहे, तर मला विचारायला कशाला आलास?"

ही काय नाही ते काळुरामाला सगळं ठाऊक होतं. ही काय आहे तेवढंच ठाऊक नव्हतं.

एकदा तो गाडीत बसून ठाण्यालाही गेला. नाथाच्या जोडीला बंगल्यावर सहदेव नावाचा गडी होता, तो आता दुसऱ्या सायबाकडं लागलेला. काळुरामानं त्याच्या हातात पान ठेवलं तसा सहदेव लगेच बोलला, "ही हेलीकोनी! नाथाची लाडकी."

काळुरामाच्या अंगात वारं शिरलं. "मंग फूल बघितलं असशील तू! लाल होड्या? होडीत पाणी?"

"फूल?" सहदेवानं डोकं खाजवलं. "मी तबेल्याच्या अंगाला असायचो रे. घोड्यांची लीद उचलायची सोडून मी कुठं फुलं बघू? ती बाग मागं, मडमेच्या खिडकीखाली. तिथं नाथा सोडून कुणाला सोडायचे नाय."

"एकदा पण नाय बघितलंस?"

"एक माहीत हाय. सायब हिला कोयता लावू द्यायचा नाय. नुसती माजू द्यायची, बेट झालेलं ह्या भिंतीएवढं. एका गड्यानं जेवायला पान तोडलं तर सायबानं त्याला कामावरनं काढला."

काळुराम मनात हसला. सायब काचेच्या बशीत जेवतो. त्याला पानाची किंमत काय कळणार? त्याला झाड कापायची गरजच पडत नसेल. असं म्हणून ती गोष्ट त्यानं ठाण्याच्या ठेसनातच सोडून दिली आणि फक्त नाव घेऊन घरी आला. गाडीत बसून घोकत आला, हेलीकोनी, हेलीकोनी.

उत्तमनं नाव ऐकलं. "काय कोनी?"

"हेलीकोनी."

"कोनी हेली?"

"उत्तम, मिशी काढीन हां."

गावात नाव नाथाची थाप ते नाथाची थापच राहिलं.

आता एक गोष्ट सांगायची राहिली, आणि खरी गोष्ट तीच. दर साली सर्वपित्री अमावास्येला काळुराम नाथाच्या नावानं पान वाढायचा. खीर, वडे, भोपळ्याची भाजी, नाथाला आवडायचं म्हणून सुक्या जवळ्याची चटणी एका बाजूला चोरून. आणि पान कुठलं? बाजारातलं नाही, उत्तमच्या केळीचंही नाही. नाथाचं झाड, नाथालाच पान. त्या एका दिवशी काळुराम न्हाण करून, ओल्या पंच्यानं, कोयती घेऊन परसात जायचा, झाडाला हात जोडायचा आणि असतील त्यातलं सगळ्यात जाड, सगळ्यात उंच खोड बुडातनं कापायचा. केळ कापतात तसं. मोठी पानं पितरांना, उरलेली जेवणाऱ्यांना. बारीक खोड कापून पितरासमोर ठेवायचं त्याच्या जिवावर यायचं. भावाला द्यायचं तर सगळ्यात चांगलं द्यावं.

असं त्यानं पहिल्या साली केलं. दुसऱ्या साली केलं. तिसऱ्या साली कोयतीची धार गेलेली, घाव तिरपा बसला आणि खोड मधोमध फाटलं.

काळुराम वाकला. खोडाच्या गाभ्यात, पानांच्या गुंडाळ्यांच्या आत, काहीतरी होतं. त्यानं नखानं एक पदर सोलला, दुसरा सोलला. आत बोटाएवढी एक चोच, फिकी नारिंगी, कडेला हिरवट. तिच्या पोटाशी दुसरी, दुसऱ्या अंगाला वळलेली. तिच्या आत तिसरी. डावी, उजवी, डावी. एकात एक घड्या घालून ठेवलेल्या, धक्क्याला लावलेल्या होड्यांसारख्या.

तो तिथंच चिखलात बसला.

हौसाबाई हाक मारत आली. "अवो, पानं आणताय ना? कावळे येऊन बसलेत कौलावर. काय झालं? कापलं काय हाताला?"

"मी मारलं गो ह्याला."

"कुणाला?"

"दर साली. सगळ्यात मोठं खोड कापतो ना मी, त्याच्याच पोटात असतं ते. येणार असतं, आणि मी कापतो. नाथाच्या नावानं कापतो!" आणि त्यानं कोयती अशी भिरकावली की ती फणसाच्या खोडात जाऊन रुतली. सहदेवानं सांगितलेलं! सायब कोयता लावू द्यायचा नाय म्हणून चांगलं स्पष्ट सांगितलेलं! आणि नाथा तर पहिल्याच दिवशी बोलला होता, हिला केळ समजू नको. दोन माणसांनी सांगितलं, आणि ह्यानं ऐकलं कुणाचं, तर उत्तमचं.

उत्तमला दाखवायला नेलं तर तो चोच बोटात धरून बोलला, "केळफूलच हाय रे. पोटातच मेलेलं. ह्याला होडी म्हणतोस? ह्यात मुंगी तरी बसंल काय?"

"जिवंत येईल तेव्हा बघ."

"बघतो की. मी कुठं जातोय?"

त्या दिवसापासून काळुरामानं झाडाला लोखंड लावलं नाही. पिलं फुटली, फुटू दिली. बेट पसरत पसरत न्हाणीच्या दारात आलं. हौसाबाईला आडवं होऊन आत जावं लागायचं. "उद्या साप निघंल आतनं, मंग कळंल," ती करवादायची. एकदा उत्तमची म्हैस दावं तोडून आली आणि तिनं दोन शेंडे खाल्ले, काळुरामानं म्हशीला काही केलं नाही, उत्तमला मात्र अशा शिव्या दिल्या की उत्तमची म्हातारी आई बाहेर येऊन बोलली, "माझ्या माहेरचं नाव तेवढं राहिलं, ते पण घे की!" उन्हाळ्यात विहिरीचं पाणी मचूळ झालं तसं काळुरामानं अर्ध्या कोसावरनं गोडं पाणी आणून घातलं. मिठागरावरनं थकून यायचं, आणि मग कावड खांद्याला. सगळ्यात वाईट म्हणजे त्याचे स्वतःचेच हात. एवढी पिलं, एवढी दाटी बघून हात शिवशिवायचे. हात मागं बांधून तो परसात फिरायचा.

श्रावणात एका सकाळी हौसाबाई न्हाणीतनं किंचाळली. काळुरामाला वाटलं निघाला साप. काठी घेऊन धावला.

"अवो, थापेला फूल आलं!"

आलं होतं. दोन पानांच्या मधनं दांडी सरळ वर आलेली, आणि दांडीला होड्या. लाल, अशा लाल की नव्या लुगड्याचा काठ फिका पडावा. कडेला हिरवी-पिवळी रेघ. डावी, उजवी, डावी, उजवी, पाच होड्या, पुढची नाळ टोकदार, पोट रुंद. काळुरामानं काठी टाकली. मग धावत कुंपणाशी गेला आणि ओरडला, "उत्तम! ये! सगळ्यांना घेऊन ये!"

सगळं गाव आलं. परसात मावेना तसे लोक न्हाणीच्या दगडावर चढले. बायांनी तोंडाला पदर लावले. उत्तम पुढं झाला, खालनं बघितलं, वरनं बघितलं, मग एका होडीत डोकावला. दुसरीत डोकावला.

"होड्या हायत बाबा," तो बोलला. "खोटं कशाला बोलू? होड्या हायत. पण पाणी कुठंय?"

चार दिवस झाले, आभाळ कोरडं होतं. श्रावण असून थेंब नाही. होड्या सुक्या ठणठणीत.

"आणि पाण्यातलं फूल?"

फूलही नव्हतं. नुसत्या रिकाम्या होड्या.

"म्हणजे अर्धं खरं," उत्तम लोकांकडं वळून बोलला. "नाथाचं एवढं पण पुष्कळ झालं." आणि लोक हसले. काळुरामाच्या कानशिलापर्यंत रक्त चढलं. चार सालं! चार सालं वाट बघायची आणि वर आभाळानं असं करायचं.

लोक गेले. हौसाबाई हळूच तांब्या घेऊन आली. "चार थेंब टाकते. कोण बघतंय? संध्याकाळी बोलवा उत्तमभावजींना परत."

"ठेव तो तांब्या."

"अवो, पण..."

"ठेव म्हणतो ना! मी पाणी ओतलं तर ती माझी थाप झाली. नाथाची राहिली काय मग?"

तीन दिवस तो आभाळाला शिव्या घालत होता. चौथ्या दिवशी पहाटे सर आली, जोराची नाही, कौलं ओली होतील एवढी, आणि ऊन पडलं. काळुराम परसात गेला आणि ह्या खेपेला त्यानं कुणाला हाक मारली नाही. वाकून बघितलं. पाचही होड्यांत पाणी. काठापर्यंत, हलत नव्हतं. आणि सगळ्यात खालच्या होडीत, पाण्यातनं नाक वर काढून, पोपटी-पांढरं बारीक फूल.

"बघितलं रे नाथा," तो बोलला. एवढंच. चार सालं जपून ठेवलेलं जे काय बोलायचं होतं, त्यातलं दुसरं काही आठवेना.

उत्तम आपणहूनच आला. कुंपण ओलांडून आला, वाकला, आणि होडीत बोट बुडवलं. बोट तोंडात घातलं. "गोडं हाय," बोलला. मग बराच वेळ काही बोलला नाही, आणि उत्तम गप्प बसलाय हे बघायला आणखी चार माणसं जमली.

शेवटी उत्तम हळू आवाजात बोलला, "काळ्या, मंग तो जिताडा?"

"कुठला जिताडा?"

"ज्यानं होडी ठाण्याला ओढत नेली तो."

"अरे, ती थाप होती!"

"होडीत पाणी पण थापच होती की कालपर्यंत."

"उत्तम, मी होतो त्या होडीत! नाथा नि मी, दोघंच. हातभर जिताडा होता, दोर तोडून गेला. ठाणं कसलं नि धक्का कसला! आमी कल्याणच्या पुलाच्या पण पुढं नाय गेलो!"

उत्तमनं लोकांकडं बघितलं. लोकांनी उत्तमकडं बघितलं.

"ह्याचं काय ऐकता?" उत्तम बोलला. "ह्याला दारातलं फूल तीन सालं दिसलं नाय. नाथा मरता मरता सांगून गेला तरी दिसलं नाय. ह्याला जिताडा काय दिसणार?"

"बरोबर हाय," कुणीतरी बोललं. "नाथा पुढं बसला असंल, हा मागं झोपला असंल."

"ते कुत्र्याचं पण मंग..."

"अरे, कुत्रा कधी मराठी बोलतो काय!" काळुराम ओरडला. पण कोण ऐकतंय? सगळे जण फुलाभोवती उकिडवे बसले होते आणि उत्तम त्यांना जिताड्याची गोष्ट पहिल्यापासनं सांगत होता, हात जोडून राम राम करायच्या जागेसकट, आणि ह्या खेपेला कुणी हसत नव्हतं.

काळुराम तणतणत ओटीवर येऊन बसला. हौसाबाईनं पाण्याचा तांब्या पुढं केला.

"चार सालं कष्ट काढले," तो बोलला, "नाथाला खरा करायला. आणि खोटा कोण ठरला? मी! अगं, हातभर जिताडा होता, हातभर. देवाशपथ सांगतो."

हौसाबाई दारात थांबली. "हातभर?" ती बोलली. "मना तर तुमी वीतभर सांगितलेला."